लाल डोळ्यांच्या सिकाड्याची जात नुसत्या छायाचित्रावरून ओळखता येते का?

आपण जून २०२४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात स्प्रिंगफील्डजवळ लाल डोळ्यांच्या सिकाड्यांची (झाडांवर बसून ओरडणाऱ्या किड्यांची) छायाचित्रे काढली आणि त्यांची नेमकी जात कोणती व ती कुठवर आढळते, असे विचारले आहे. छायाचित्रावरून जातींचा गट निश्चित सांगता येतो. जात मात्र आपल्या भागात नकाशा आणि वर्ष पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

लाल डोळे, काळी पाठ, पंखांच्या नारिंगी शिरा आणि मे-जूनचा काळ एवढ्यावरून ते मॅजिसिकाडा या प्रजातीचे आहेत हे स्पष्ट होते. जुलै-ऑगस्टमध्ये दरवर्षी ओरडणारे हिरवट सिकाडे वेगळे. (आपल्याकडे सिकाड्याला सर्रास रातकिडा म्हणतात, तेही बरोबर नाही. रातकिडा पंखावर पंख घासतो, तर सिकाड्याचा नर पोटाच्या बाजूंचे पडदे थरथरवून आवाज काढतो.) मॅजिसिकाडाच्या सात जाती आहेत, तीन १७ वर्षांनी आणि चार १३ वर्षांनी जमिनीतून बाहेर येणाऱ्या, आणि सातही फक्त अमेरिकेच्या पूर्वार्धात सापडतात. ढोबळमानाने १७ वर्षांवाल्या उत्तरेकडे, तर १३ वर्षांवाल्या दक्षिणेकडे आणि मिसिसिपीच्या खोऱ्यात.

दिसण्यावरून या जातींचे तीन गट पडतात; गट ओळखायचा तर किडा उलटा करून पाहावा. २०२१ साली इंडियानातील ब्लूमिंग्टनमध्ये मी पहिल्यांदा असा एक नर तळहातावर उताणा केला, तेव्हा तो पायांच्या आकड्यांनी बोटाला घट्ट धरून मोठ्याने करकरला. त्याच्या पोटावर रुंद नारिंगी पट्टे होते, शिवाय डोळा आणि पंखाचे मूळ यांच्या मधल्या जागेतही नारिंगी ठिपका होता; तो सेप्टेनडेसिम. त्याच फांदीवरचा दुसरा किडा आकाराने लहान आणि खालून जवळजवळ पूर्ण काळा होता, तो कॅसिनी. तिसऱ्या गटातील सेप्टेनडेक्युलाच्या पोटावर पट्टे असतात, पण अरुंद, आणि डोळ्यामागचा ठिपका नसतो. आवाजाने हे काम अधिक सोपे होते, कारण सेप्टेनडेसिमचा सूर खालच्या पट्टीत लांबत जाऊन शेवटी एकदम उतरतो, कॅसिनी आधी टिकटिक करून मग कर्कश सळसळतो आणि सेप्टेनडेक्युला नुसताच ठेक्यात टिकटिकत राहतो.

आपल्या छायाचित्रात डोळ्यामागचा नारिंगी ठिपका आणि पोटावरचे रुंद पट्टे दिसतात, आणि खरी अडचण इथेच सुरू होते. सेप्टेनडेसिम ही १७ वर्षांची जात आणि २००० साली वेगळी म्हणून वर्णन केलेली निओट्रेडेसिम ही १३ वर्षांची जात दिसण्यात आणि आवाजात इतक्या सारख्या आहेत की त्यांच्यातला कामाचा फरक म्हणजे जमिनीखाली काढलेली वर्षे. ठरावीक वर्षी एकत्र बाहेर पडणाऱ्या किड्यांच्या समूहाला झुंड म्हणतात आणि झुंडींना क्रमांक दिलेले आहेत. २०२४ मध्ये उत्तर इलिनॉयमध्ये १७ वर्षांची तेरावी झुंड आणि त्याच्या दक्षिणेला १३ वर्षांची एकोणिसावी झुंड, अशा दोन्ही एकाच उन्हाळ्यात निघाल्या. असे याआधी १८०३ साली घडले होते. स्प्रिंगफील्ड या दोन्हींच्या सीमेजवळ आहे. दक्षिण इलिनॉयमध्ये प्रश्न वेगळा असतो, कारण तिथे निओट्रेडेसिमच्या शेजारी ट्रेडेसिम ही तिची जवळची जात भेटते. पण जिथे दोघी एकत्र राहतात तिथे निओट्रेडेसिमचा सूर सुमारे १.७ किलोहर्ट्झपर्यंत चढतो, ट्रेडेसिमचा १.१ च्या आसपास राहतो, आणि नुसत्या कानानेही फरक कळतो.

नकाशे पाहतानाही सावध राहावे. काही किडे चार वर्षे आधीच बाहेर पडतात (२०२१ च्या दहाव्या झुंडीतले बरेच किडे २०१७ मध्येच निघाले होते) आणि अशा तुरळक नोंदींमुळे जुन्या नकाशांत झुंडींच्या सीमा आहेत त्याहून दूर गेलेल्या दिसतात. त्यामुळे मी एकटदुकट किड्याची नोंद धरत नाही, झाडांवरून सामूहिक आवाज ऐकू आला तरच धरतो.

आपण ज्या झाडाखाली छायाचित्रे काढली त्याची जागा आणि तारीख लिहून ठेवावी. तिथे २०३७ साली पुन्हा किडे निघाले तर ते निओट्रेडेसिम, आणि २०४१ पर्यंत वाट पाहावी लागली तर सेप्टेनडेसिम. पण २०३७ मध्ये दोन-चारच दिसले तर ते चार वर्षे घाई केलेले सेप्टेनडेसिमही असू शकतात, म्हणून झाडाखालची जमीन भोकांनी चाळण झाली आहे का, ते आधी पाहावे.