पार्कातला वारा बेभरवशाचा असेल, तर तिथे पॉवर काइट उडवावा का?

तुम्ही ब्रिस्टलला शिकायला आला आहात, चार दोऱ्यांचा ३ चौरस मीटरचा फॉइल पतंग, म्हणजे कापडी कप्प्यांत हवा भरून फुगणारा आणि माणसाला ओढून नेणारा पॉवर काइट, घेतला आहे, आणि घराजवळच्या पार्कात वारा घडीत पडतो व घडीत सुटतो. अशा जागी लँडबोर्डवर, म्हणजे पतंगाने ओढल्या जाणाऱ्या चाकांच्या फळीवर, उभे राहून सराव करता येईल का, असा तुमचा प्रश्न आहे. मी याच भागात अनेक वर्षे असे पतंग उडवत आलो आहे आणि माझे स्पष्ट मत असे की, बोर्ड त्या पार्कात नेऊच नये. जमिनीवर उभे राहून, शक्यतो याहून लहान पतंगाने आणि दिवस पारखून सराव करायला मात्र हरकत नाही.

आज वारा किती आहे, एवढेच बहुतेक जण पाहतात. पार्कात त्यापेक्षा महत्त्वाचे असते ते पडलेला वारा आणि सुटलेला वारा यांतले अंतर. पतंगाची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; म्हणजे ताशी १२ किलोमीटरचा वारा २४ झाला, तर ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. हवामानाच्या ॲपवर दिसणारा वेग मोकळ्या जागेतल्या, जमिनीपासून १० मीटर उंचीवरच्या वाऱ्याची सरासरी असतो, त्यामुळे तुमच्या पार्काबद्दल तो फारसे काही सांगत नाही. हातात मावणारा वाऱ्याचा मीटर घ्या, पतंग पिशवीतून काढण्याआधी पाच-दहा मिनिटे तो वाऱ्याकडे धरून उभे राहा आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त आकडा पाहा. जास्तीचा आकडा कमीच्या दुप्पट असेल, तर त्या दिवशी पतंग पिशवीतच राहू द्यावा.

हे अंतर मुख्यतः झाडांमुळे आणि घरांमुळे पडते. वाऱ्याच्या वाटेत १५ मीटर उंच झाडांची रांग असेल, तर तिच्या पलीकडे उंचीच्या निदान दहापट अंतरापर्यंत, म्हणजे सुमारे १५० मीटरपर्यंत, हवा भोवऱ्यांनी ढवळलेली असते. त्यात तुमच्या दोऱ्यांचे २०-२५ मीटर आणि पतंगापुढे मोकळी ठेवायची जागा मिळवली, की २०० मीटर रुंदीचे पार्कही अपुरे पडते. म्हणून ज्या दिवशी वारा पार्काच्या उघड्या बाजूने, खेळाच्या मैदानावरून किंवा उतारावरून येत असेल, तोच दिवस निवडा. तुमच्याच शहरातले शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले होते. टोलनाक्यावर घोडे मोजून पैसे घेतले जात, म्हणून त्या गाडीला टोल लागत नसे. पण त्यांच्या पतंगांची दोरी ४५० मीटरहून लांब असे, आणि ते झाडांच्या बरेच वर, स्वच्छ वाऱ्यात उडत. आपला पतंग मात्र नेमका त्याच थरात अडकतो, जिथली हवा झाडांनी नासवलेली असते.

संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या आपल्या हातांना एक सवय असते: ओढ वाढली की ढील द्यायची. इथे दोऱ्यांची लांबी ठरलेली असल्यामुळे ढील देताच येत नाही, आणि खरा धोका झोतापेक्षा त्याच्या आधीच्या शांततेत असतो. वारा पडतो, दोऱ्या सैल होतात, पतंगाच्या कप्प्यांतली हवा निघून त्याचे कापड सुरकुतते आणि तो तरंगत तुमच्या थेट समोर, वाऱ्याच्या ऐन धारेत येतो. तेवढ्यात पुढचा झोत आला, की कप्पे फटकन फुगतात आणि सगळी ओढ एकदम हातांवर येते. म्हणून वारा पडताच दोन-चार पावले मागे जाऊन दोऱ्या ताणलेल्या ठेवा, झोत येताच पुढे चाला आणि पतंग कडेला घ्या. बेभरवशाच्या वाऱ्यात तो डोक्यावर स्थिर धरून गप्पा मारत उभे राहणे सर्वांत वाईट, कारण तिथे आलेला झोत माणसाला सरळ वर उचलतो. मनगटाचे पट्टे, ज्यांना इथे सगळे किलर म्हणतात, मागच्या दोन दोऱ्यांना जोडलेले असलेच पाहिजेत; हँडल सोडून दिली की ते पतंगाची मागची कड खेचतात आणि त्याची ओढ संपते. हँडल घट्ट धरून ठेवण्याची इच्छा फार प्रबळ असते, म्हणून मंद वाऱ्यात ती मुद्दाम सोडण्याचा सराव आधी करा. हेल्मेट घालाच.

उन्हाळ्यात भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर उठते आणि वाऱ्याची दिशाही फिरवते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तो पुष्कळ शहाणा असतो. पावसाची सर सरकून गेल्यावर कापसासारखे ढग आणि लख्ख ऊन दिसते, तो दिवस मोहात पाडतो, पण सर्वांत जास्त झोत त्याच दिवशी येतात. काळ्या बुडाचा ढग जवळ येताना दिसला, तर पतंग लगेच उतरवा, मागच्या दोऱ्या ताणलेल्या राहतील अशा रीतीने हँडल खुंटीला अडकवा आणि गुंडाळायला लागा.

वाऱ्याच्या दिशेने तुमच्यापुढे दोऱ्यांच्या लांबीच्या दुप्पट जागा माणसांपासून मोकळी हवी. इथे कुत्री मोकळी सुटलेली असतात आणि लहान मुले पतंग पाहिला की त्याच्याकडे धावत येतात. पतंगाची डायनिमाची, म्हणजे अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याची, दोरी ताणलेली असताना कातडी कापते, त्यामुळे कोणीही जवळ आले तर पतंग खाली आणणे हेच तुमचे काम आहे. विजेच्या तारांच्या आसपास पतंग उघडूच नका. ब्रिटनमध्ये पतंगाला ६० मीटरची आणि विमानतळाच्या हवाई क्षेत्रात ३० मीटरची मर्यादा आहे. २५ मीटरच्या दोऱ्यांनी ती ओलांडली जात नाही, पण पार्काचे स्वतःचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा फाटकावरची पाटी वाचा.

बोर्डसाठी ब्रीन किंवा वेस्टन-सुपर-मेअरच्या रुंद किनाऱ्यांचा विचार करा. पश्चिमेचा वारा तिथे पाण्यावरून येतो, त्यामुळे तो पार्कातल्यापेक्षा कितीतरी एकसारखा असतो. किनाऱ्याच्या कोणत्या भागात बोर्डला परवानगी आहे, ते आधी विचारून घ्या. भरती-ओहोटीचे वेळापत्रक मात्र पाहूनच निघा: ब्रिस्टल चॅनेलमधला भरती-ओहोटीचा फरक जगातल्या सर्वांत मोठ्या फरकांपैकी आहे, पाणी झपाट्याने चढते, आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात माणूस रुततो, म्हणून कोरड्या, कडक वाळूच्या पलीकडे बोर्ड नेऊ नका.