वाचकांचे प्रश्न : दळणाऱ्या जनाबाईंचा हलता देखावा

प्रश्न : गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाने जनाबाई जात्यावर दळत आहेत आणि विठ्ठल समोर बसून त्यांना हातभार लावत आहेत, असा हलता देखावा केला. जात्याखाली वायपर मोटर बसवली होती आणि माना वळवण्यासाठी सर्व्हो मोटरी (सांगितलेल्या कोनात वळून थांबणाऱ्या मोटरी) वापरल्या होत्या. सगळे चालले, परंतु मान झटक्याने वळत होती आणि मान थांबली की हात थरथरत होते. परदेशातील थीम पार्कमधल्या आकृत्या इतक्या जिवंत कशा वाटतात?
— मंडळाचा एक कार्यकर्ता, गंगाखेड

उत्तर : जनाबाईंच्या गावच्या मंडळाने हा विषय निवडावा, याचा मला मनापासून आनंद झाला. तुमची अडचण मोटरीच्या ताकदीची नाही. हालचाल सुरू कशी होते आणि थांबते कशी, यात ती आहे. सजीवाचे शरीर हळू सुटते, मध्ये वेग घेते आणि पुन्हा हळू होत थांबते. सर्व्होला मात्र शून्यावरून एकदम ४० अंशांवर जाण्याचा आदेश दिला, तर ती पूर्ण वेगाने जाऊन तिथेच अडते आणि तो धक्का खांद्यातून हातापर्यंत पोहोचतो. साध्या सर्व्होला सेकंदाला ५० वेळा नवी जागा सांगता येते, म्हणजे दीड सेकंदाच्या वळणाला ७५ पायऱ्या मिळतात. त्यातल्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या पायऱ्या अगदी लहान आणि मधल्या मोठ्या ठेवाव्यात. एवढ्या एका बदलाने निम्मे काम होईल, असे मला वाटते.

थीम पार्कवाल्यांनाही याच अडचणीने बरीच वर्षे छळले आहे. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९६३ साली बोलणारे, गाणारे पक्षी लोकांसमोर आले. ध्वनिफितीवरील सुरांनी रिले, म्हणजे विजेवर चालणारी बटणे, चालत आणि त्यांच्यामार्फत हवेच्या झडपा उघडत. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात अब्राहम लिंकन यांची आकृती खुर्चीवरून उठून भाषण करू लागली. एवढे वजन उचलण्यासाठी तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा लागली, पण ताकद वाढली की थांबतानाचा हादराही वाढतो. म्हणून १९८० च्या दशकात त्यांनी नियंत्रणात थोडा लवचीकपणा आणला, ज्यामुळे अवयव नेमक्या बिंदूवर आदळत नाही, किंचित सैल होऊन स्थिरावतो. आता पुष्कळ ठिकाणी विजेच्या मोटरी वापरतात.

हाताच्या थरथरीचे आणखी एक कारण तुम्हाला घरीच तपासता येईल. वीज बंद करून आकृतीचा खांदा एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने मनगट हलवा. सांध्यात खुळखुळ जाणवली, तर कोणताही प्रोग्रॅम ती लपवू शकणार नाही. बोल्ट नुसता भोकातून न घालता तिथे बेअरिंग किंवा बुश (भोकात घट्ट बसणारी नळी) बसवावा. हाताचा पंजा पीओपीचा असेल, तर तो काढून फोमचा करावा, कारण टोकाचे वजन जितके अधिक तितका वेळ हात हलत राहतो. खांद्यापाशी वजन तोलणारी स्प्रिंग लावली, तर मोटरीवरचा भारही उतरेल.

आता दळण्याकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. तुमच्या देखाव्यात जाते हाताला फिरवते, तर घरात बाई जात्याला फिरवते. हा फरक पाहणाऱ्याला शब्दांत सांगता येत नाही, पण तो लगेच जाणवतो. मराठवाड्यातल्या ज्या आजींनी पहाटे उठून दळण दळले आहे, त्यांच्यासमोर जाते ठेवून त्यांचे व्हिडिओ चित्रण करावे. खुंटा पुढे लोटताना आधी कंबर झुकते, मग खांदा जातो, मग कोपर आणि शेवटी मनगट, हे त्यात स्पष्ट दिसेल. म्हणून धडासाठी वेगळी क्रँक (मोटरीच्या फिरण्याने पुढे-मागे हालचाल देणारा वाकडा दांडा) लावून ती जात्याच्या क्रँकपेक्षा सुमारे ४५ अंश पुढे ठेवावी आणि पंजा खुंट्याला सैल जोडावा. म्हणजे धड आधी हलेल आणि जाते त्याच्या मागून येईल. वैरण, म्हणजे मूठभर धान्य, घालण्यासाठी दुसरा हात जात्याच्या तोंडाशी जातो, तेव्हा जात्याचा वेग थोडा कमी करावा.

डोळे हलवणे शक्य असेल, तर आधी डोळे विठ्ठलाकडे वळू द्या आणि मागून मान. मान वळत असताना डोळे त्याच जागी खिळून राहिले पाहिजेत. माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो, पण ठरावीक अंतराने नव्हे. मानेचा फेरा ११ सेकंदांचा आणि डोळ्यांचा १७ सेकंदांचा ठेवला, तर दोन्ही एकाच वेळी मूळ जागी यायला १८७ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहून अधिक काळ लागतो. तेवढ्या वेळात रांग पुढे सरकलेली असते.

प्रश्न : चेहरा सिलिकॉनचा, हुबेहूब माणसासारखा करावा का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : मी तसे सुचवणार नाही. आकृती माणसासारखी होत गेली, तशी ती आवडू लागते. पण जवळजवळ माणूसच वाटू लागली आणि कुठेतरी उणी राहिली, की ती एकदम नकोशी वाटते, असा विचार जपानचे यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली मांडला. हुबेहूब त्वचेखाली ओठ, गाल आणि भुवया स्वतंत्रपणे हलवणाऱ्या अनेक मोटरी लागतात आणि त्यांतली एक जरी मागे पडली, तरी चेहरा निर्जीव दिसतो. त्यापेक्षा रंगवलेला, शांत, मूर्तीसारखा चेहरा ठेवावा आणि वाचलेला पैसा मानेच्या व खांद्याच्या चांगल्या बेअरिंगवर खर्च करावा.