टर्निंगचं (लेथवर धातू कातायचं) नवं वर्कशॉप? आधी भंगाराचा डबा बघा

भाऊ, लगेच सॉफ्टवेअर, कन्सल्टंट काही नको. पहिला महिना फक्त रिजेक्ट नग मोजा. मशीनजवळ लाल डबा ठेवा, नगावर मार्करने कारण लिहा: माप, टूल की सेटिंग. पोरांवर ओरडू नका, नाहीतर नग डब्यात पडण्याऐवजी गायब होतात. (आमच्याकडे झालंय!)

मग बार, म्हणजे ज्यातून नग कापतो ती धातूची लांब सळई. 50 मिमीच्या जॉबला (नगाला) 3 मिमीचा पार्टिंग टूल (नग बारपासून कापून वेगळा करणारं टूल; त्याच्या जाडीइतका माल वाया जातो), म्हणजे दर नगाला 53 मिमी गेले. 2 मिमीचा चालत असेल तर 3 मीटरच्या बारमधून एक नग जास्त निघतो.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- पहिला नग न तपासता लॉट सोडणं
- स्वस्त मिळालं म्हणून माल भरून ठेवणं. पैसा अडकतो, वर गंज चढतो
- पितळ आणि लोखंडाच्या चिप्स (कातताना निघणारा कीस) एकत्र टाकणं. भंगारवाला भाव पाडतो

काइझेन (रोज थोडी थोडी सुधारणा करायची जपानी पद्धत) वगैरे नंतर बघू.