नॉब करकरतोय? फिल्टर वेगाला लाव, स्थितीला नको

फोंड्याच्या मित्रा, पहिलाच हॅप्टिक नॉब (मोटरने बोटांना बल जाणवून देणारा) फिरता केलास, छान! एका फेरीला २००० काउंट (पायऱ्या) देणारा एन्कोडर, म्हणजे कोन मोजणारा सेन्सर, १ किलोहर्ट्झने (सेकंदाला हजार वेळा) वाचतोस. एक काउंट म्हणजे ०.१८ अंश, म्हणजे लागोपाठच्या दोन स्थितींच्या वजाबाकीतून काढलेला वेग एका काउंटला १८० अंश प्रति सेकंद उसळतो. बोटांना लागते ती करकर हीच.

त्यावर फिल्टरची एक ओळ पुरे: वेग = वेग + ०.१६ × (नवा वेग − वेग). कटऑफ (ज्याच्या वरचे जलद बदल फिल्टर दाबतो ती वारंवारता) साधारण ३० हर्ट्झ.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- कटऑफ ५ हर्ट्झवर आणणं. वेग सुमारे ३२ मिलिसेकंद मागे पडतो, डॅम्पिंग (वेगाला विरोध करणारं बल) उशिरा पोचतं आणि आभासी भिंत (मोटरने भासवलेला अडथळा) थरथरते. कटऑफ खाली आणण्याआधी डॅम्पिंगचा गेन (गुणक) उतरव.
- स्प्रिंगच्या बलासाठी फिल्टर केलेली स्थिती (नॉबचा कोन) वापरणं. तीही मागे पडते; कच्ची स्थितीच घे.
- लूपमध्ये (दर मिलिसेकंदाला चालणाऱ्या कोडमध्ये) सीरियल प्रिंट, म्हणजे संगणकावर आकडे छापणं. लूपची वेळ हलली की ०.१६ चा अर्थच बदलतो.

दुसऱ्या ऑर्डरचे (याहून गुंतागुंतीचे) फिल्टर सध्या राहू देत.