दुर्बिणीचे चाळीस हजार सध्या राहू द्या

(बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी मराठी माध्यमातून एसएसएलसीला (दहावीला) ९४ टक्के मिळवून पास झाली. दीर्घिका (गॅलेक्सी, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे समूह) कशा तयार झाल्या आणि डार्क मॅटर म्हणजे काय, यावर संशोधन करायचं हे तिचं आठवीपासूनचं ठरलेलं. मामा म्हणतात सीईटी देऊन कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घाला, आई म्हणते तिला हवं ते करू द्या. वडिलांचे प्रश्न तीन: पीयूसीला (अकरावी-बारावीला) विषय कोणते, पगार कधी सुरू होणार, आणि तिला चाळीस हजारांची दुर्बीण घेऊन द्यावी का.)

नमस्कार,

दुर्बिणीचं आधी सांगतो, कारण पैसे तुम्ही याच महिन्यात खर्च करायला निघाला आहात. घेऊ नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळ उघडत नाही, खानापूर-जांबोटी पट्ट्यात तर नाहीच. दुसरं म्हणजे, दीर्घिकांवर काम करणारी माणसं दुर्बिणीला डोळा क्वचितच लावतात. मोठ्या दुर्बिणी आपोआप फोटो घेतात आणि संशोधक त्यातले आकडे कॉम्प्युटरवर सोडवत बसतात. तिला १०×५० चा साधा बायनॉक्युलर घेऊन द्या आणि उरलेल्या पैशांत ८ जीबी रॅमचा लॅपटॉप बघा, सेकंडहँड असला तरी चालेल. नोव्हेंबर-डिसेंबरात अमावस्येच्या आसपास कणकुंबीच्या बाजूला गेलात, तर देवयानी दीर्घिका त्या बायनॉक्युलरमधून धुरकट, लांबट ठिपक्यासारखी दिसेल. तो उजेड सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो.

त्या धुरकट ठिपक्याचा तिच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये याच देवयानी दीर्घिकेतले वायूचे ढग केंद्राभोवती किती वेगाने फिरतात ते मोजून प्रसिद्ध केलं. सूर्यमालेत बाहेर जावं तसा वेग कमी होतो. बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर धावतो, पृथ्वी ३०, नेपच्यून जेमतेम साडेपाच. दीर्घिकेतही कडेला वेग असाच घसरायला हवा होता. तो घसरला नाही, बाहेरपर्यंत जवळपास तेवढाच राहिला. म्हणजे जे चमकताना दिसतं त्याहून कितीतरी जास्त वस्तुमान तिथे आहे आणि ते दिसत नाही. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये दीर्घिकांच्या एका समूहाबद्दल असाच संशय मांडला होता. आजच्या हिशोबाने विश्वात साधं द्रव्य सुमारे ५ टक्के आहे आणि कृष्णद्रव्य, म्हणजेच डार्क मॅटर, सुमारे २७ टक्के.

आता तिला एक गणित द्या. सूर्य आपल्या आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षं दूर आहे आणि सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर वेगाने फिरतो. वेगाचा वर्ग गुणिले अंतर, भागिले गुरुत्वस्थिरांक, एवढ्यावरून आतल्या भागाचं वस्तुमान निघतं. प्रकाशवर्षांचे मीटर करताना आणि किलोमीटरचे मीटर करताना ती चुकेल, सगळेच चुकतात. शून्यं मोजत दोन-तीनदा पुन्हा करावं लागेल. उत्तर साधारण ९,००० कोटी सूर्यांइतकं आलं पाहिजे. चुकलेलं उत्तर घेऊन ती रात्री अकराला पुन्हा वही उघडते की बाजूला ठेवते, ते मामांनाही बघू द्या.

दुसरी परीक्षा लॅपटॉपवरची. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा फुकट मिळते. सूर्याभोवती पृथ्वी फिरवणारा पन्नास ओळींचा प्रोग्राम तिने लिहावा. आताच्या वेगावरून उद्याची जागा काढायची, आताच्या ओढीवरून उद्याचा वेग, असं एकेका दिवसाच्या टप्प्याने पुढे जायचं. वर्षभराचा हिशोब झाला की पृथ्वी मूळ जागी येणार नाही, मळसूत्रासारखी बाहेर सरकत जाईल. गुरुत्वाकर्षणाचं सूत्र बरोबर असतं. चूक पद्धतीत आहे: प्रत्येक टप्प्याला थोडी खोटी ऊर्जा जमा होते. मग वेग अर्ध्या टप्प्यावर आणि जागा पूर्ण टप्प्यावर काढणारी लीपफ्रॉग पद्धत वापरायची, की कक्षा बंद होते. पुढे दोनाऐवजी दोनशे कण घेतले की नवी अडचण येते. दोन कण अगदी जवळ आले की ओढ अफाट वाढते आणि एखादा कण गोफणीतल्या दगडासारखा बाहेर फेकला जातो. त्यावर उपाय म्हणजे सूत्रातल्या अंतराच्या वर्गात एक लहानसा ठरावीक आकडा मिळवणं. दीर्घिका घडवून पाहणारे मोठमोठे प्रोग्राम याच दोन अडचणींच्या उपायांवर उभे आहेत. २००५ च्या मिलेनियम सिम्युलेशनमध्ये तर १,००० कोटींहून जास्त कण होते. या कामातला रोजचा दिवस असा असतो. विश्वाचे सुंदर फोटो वर्षातून चार दिवस, उरलेले दिवस चुका शोधण्यात. ते आवडलं तरच या वाटेला पाठवा. आवडलं नाही तर एका पावसाळ्यात कळेल, पाच वर्षं वाया जाणार नाहीत.

पीयूसीला गणित आणि भौतिकशास्त्र सोडायचं नाही, हे पक्कं. चौथा विषय जीवशास्त्र (पीसीएमबी) की कॉम्प्युटर सायन्स (पीसीएमसी), हा खरा प्रश्न. माझं मत पीसीएमबीकडे झुकतं. कारण आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या केंद्रीय संस्थांच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे आयएटीत, ६० प्रश्न आणि २४० गुण असतात. भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र यांना प्रत्येकी १५ प्रश्न. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. जीवशास्त्र नसलेल्या मुलीचे ६० गुण पणाला लागतात. प्रोग्रामिंग घरी शिकता येतं, जीवशास्त्र ऐन वेळी घोकणं जड जातं. तिला त्याचा कंटाळाच असेल तर पीसीएमसी घ्या. मग एनसीईआरटीची जीवशास्त्राची दोन पुस्तकं मात्र दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत वाचून व्हायला हवीत.

मराठी माध्यमाच्या मुलांना पहिले सहा महिने अवघड जातात, बुद्धी कमी म्हणून नव्हे. प्रवेग, संवेग, जडत्व हे सगळं तिला येतं, पण अ‍ॅक्सिलरेशन, मोमेंटम, इनर्शिया ऐकताना हात थबकतो. त्यात भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या धड्यातच डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर काढण्याचं गणित) लागतं आणि गणिताचे सर ते वर्षाच्या शेवटी शिकवतात. पहिल्या चाचणीत गुण घसरतात आणि मूल स्वतःला ढ समजू लागतं. आताच्या सुट्टीत दोन कामं करून घ्या: मराठी शब्द, इंग्रजी शब्द आणि सूत्र अशा तीन रकान्यांची एक वही, आणि डेरिव्हेटिव्हचा तेवढा भाग आगाऊ.

पीयूसीनंतर पहिली पसंती आयसरचा पाच वर्षांचा बीएस-एमएस, म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर एकत्र. पुणे, तिरुपती, भोपाळ अशी एकूण सात आयसर आहेत. भुवनेश्वरच्या नायसर या तशाच संस्थेसाठी नेस्ट परीक्षा, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससीत) चार वर्षांचा विज्ञानाचा अभ्यासक्रम. महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना आपल्या सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी जी सोय आहे, तिचा इथे उपयोग नाही, या संस्थांचे प्रवेश देशपातळीवर होतात. यातलं काहीच जमलं नाही तरी रडत बसायचं कारण नाही. बेळगावातच भौतिकशास्त्र-गणित घेऊन बीएस्सी करावी आणि तिसऱ्या वर्षी जॅम ही एमएस्सी प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा द्यावी. तिथून आयआयटीत एमएस्सी किंवा आयआयएससीत इंटिग्रेटेड पीएचडी मिळते. मामांचाही मान राखा, सीईटी द्यायला हरकत नाही. इंजिनिअरिंगनंतरही या क्षेत्रात येता येतं, फक्त क्वांटम मेकॅनिक्स आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स नोकरी सांभाळून स्वतः शिकावं लागतं आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते. 'स्पेस सायंटिस्ट' बनवणाऱ्या सर्टिफिकेट कोर्सना मात्र एक रुपया देऊ नका, प्रवेश देताना ती सर्टिफिकेटं कोणी विचारत नाही.

पीएचडीसाठी पुण्यात आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था आणि रेडिओ खगोलशास्त्राची एनसीआरए, बेंगळुरूत भारतीय ताराभौतिकी संस्था, रामन संशोधन संस्था आणि सैद्धांतिक विज्ञानाची आयसीटीएस, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर). कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी उभी केलेली आयुका आपल्यापासून एका रात्रीच्या बसच्या अंतरावर आहे. दीर्घिकांचा 'सरस्वती' हा महासमूह २०१७ मध्ये तिथल्याच आणि आयसर पुण्याच्या संशोधकांनी जाहीर केला.

पैशांचं स्पष्टच बोलू. बोर्डात वरच्या एक टक्क्यात आली आणि मूलभूत विज्ञानाला गेली, तर इन्स्पायर शिष्यवृत्तीचे वर्षाला ८०,००० रुपये. नेट-जेआरएफ ही संशोधनवृत्तीची परीक्षा पास झाल्यावर पीएचडीची पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, पुढे ४२,००० आणि वर घरभाडं. म्हणजे साधारण तेविसाव्या वर्षापासून ती तुमच्यावर अवलंबून राहणार नाही. पण पीएचडीला पाच-सहा वर्षं, मग देशात-परदेशात दोन-तीन वर्षांचे एक-दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम), आणि कायमची नोकरी तेहतीस-पस्तिशीत. आयसर-आयआयटीत सहायक प्राध्यापकाचं (ग्रेड-१) मूळ वेतन १,०१,५०० पासून सुरू होतं, पण जागा मोजक्या आणि उमेदवार पुष्कळ. पीएचडी झालेल्यांपैकी बरेच जण डेटा सायन्स, बँकांचं जोखीम-गणित, हवामान, कॉलेजातलं अध्यापन इकडे वळतात, आणि त्यांचं बरं चालतं, कारण गणित आणि प्रोग्रामिंग हातात असतं. लग्नाची घाई मधेच आली तर या टप्प्यांची साखळी तुटते. मुलींच्या बाबतीत बऱ्याचदा पोस्टडॉकच्या वळणावर हे होतं. घरात हे आत्ताच बोलून घ्या.

आणखी एक गोष्ट तिला मोकळेपणाने सांगा. कृष्णद्रव्याचा कण अजून कोणालाही सापडलेला नाही. झारखंडात जादुगुडाच्या खाणीत ५५० मीटर खोल भारतीय शास्त्रज्ञही त्याचा माग घेतात. ती निवृत्त होईपर्यंत तो सापडणारही नाही कदाचित. तरीही दीर्घिका त्याच्या ओढीत कशा गोळा झाल्या, हे तिला मांडता येईल, तपासता येईल.

दाखल्यांचं एवढं लक्षात ठेवा. नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या कार्यालयातून) मिळणारा राज्याचा जातीचा दाखला केंद्रीय संस्थांना चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस दाखला वेगळा काढावा लागतो. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत नसते, म्हणून आधी ती यादी बघा. दाखला चालू आर्थिक वर्षाचा लागतो, त्यामुळे ज्या वर्षी दुसऱ्या पीयूसीची परीक्षा असेल, त्या वर्षी एक एप्रिलनंतर दाखल्यासाठी अर्ज करा. फॉर्म भरायच्या आठवड्यात खानापूरला हेलपाटे मारायची वेळ आणू नका.