‘दोन महिने नुसती पावडर? पोरगं वाळून जाईल की!’

हा प्रश्न मला इतक्या आयांनी, आज्यांनी विचारलाय की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकते. पोराला क्रोन्स (आतड्याला सूज आणि व्रण येत राहणारा, वर्षानुवर्षं चालणारा आजार) निघाला, डॉक्टर म्हणाले सहा ते आठ आठवडे जेवण पूर्ण बंद, फक्त डब्यातली पोषणाची पावडर कालवून प्यायची, आणि घरात सुतक असल्यासारखी शांतता. मी समुपदेशक आहे, आहारतज्ज्ञ नाही, पावडर किती घ्यायची ते डॉक्टर आणि डायटिशियन ठरवतात, माझ्याकडे येतं ते त्यानंतरचं रडू.

गेल्या हिवाळ्यातली केस सांगते, तपशील थोडे बदललेत. सोलापुरातलं, अशोक चौकाकडचं कुटुंब, वडील चादरीच्या कारखान्यात, मुलगा १२ वर्षांचा, वजन २६ किलो. आई म्हणाली ओ मॅडम, दोन वर्षं शाळेची तीच पँट घालतोय, मला वाटायचं बरंय पैसे वाचतायत, आता ते आठवलं की पोटात खड्डा पडतो. पोटदुखी, जुलाब, मधूनच ताप. आपल्याकडे आतड्याचा टीबी पण अगदी असाच दिसतो, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात तसेच व्रण, त्यामुळे दुर्बीण, बायोप्सी, पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेसनं चार फेऱ्या असं सगळं झाल्यावर निदान पक्कं झालं.

आजी पहिल्याच भेटीत माझ्यावर कडाडल्या, ‘पोरगं आधीच वाळलालंय, त्यात जेवण बंद करलालेत म्हणं! हे कुठलं औषध बे?’

तर आजी, हेच औषध आहे. मुलांच्या क्रोन्समध्ये सूज उतरवायला युरोपातल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या गाइडलाइनमध्ये हा पहिल्या पसंतीचा उपाय आहे. दहातल्या सात-आठ मुलांचा आजार यानं शांत होतो. स्टिरॉइडनं पण होतो, पण वाढत्या वयात स्टिरॉइड हाडं आणि उंची दोन्हीवर बसतं, चेहरा सुजतो, आणि आतड्याचं आतलं अस्तर पावडरीनं जास्त चांगलं भरून येतं. उपाशी ठेवणं तर नाहीच नाही, उलट आजवर जे खाल्लं ते अंगी लागतच नव्हतं, आता कॅलरी, प्रोटीन, कॅल्शियम, लोह सगळं मोजून आत जातं. मात्र हे क्रोन्ससाठी. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार) असेल तर याचा उपयोग होत नाही, म्हणून शेजारच्या पोराचं बघून आपण सुरू करायचं नाही.

वडील इतका वेळ गप्प होते, मग खिशातून कागद काढला. रोज साधारण १८०० कॅलरी म्हणजे ४०० ग्रॅमचा एक डबा जवळजवळ रोज संपणार, आठ आठवडे म्हणजे ५६ डबे. आकडा मोठाच आहे हो, त्यावर गोड बोलून काय उपयोग. पण त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की सगळ्यात महागडा, प्रोटीन आधीच तोडलेला डबाच लागतो. तसं नाहीये, साध्या अख्ख्या प्रोटीनच्या फॉर्म्युल्यानं पण तेवढाच गुण येतो, डायटिशियनला स्पष्ट विचारा म्हटलं, आणि त्यांनी विचारलं, तिथं बराच भार हलका झाला. (टीव्हीवर उंची वाढवणारी चॉकलेट पावडर दाखवतात ती ही नव्हे, ती आणून पैसे वाचवू नका.)

आईचं दुखणं वेगळंच होतं. सगळे बाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, ‘आमच्यात शेंगाचटणीशिवाय घास उतरत नाही, तिखट खाऊन खाऊन झालं का हो त्याला?’ नाही. अख्खं सोलापूर शेंगाचटणी खातंय. अंगातली जनुकं, आतड्यातले जंतू आणि स्वतःच्याच आतड्यावर उलटलेली प्रतिकारशक्ती असा हा गुंता आहे, एका चटणीनं होत नाही. हे मी तिला तीन भेटींत तीनदा सांगितलं, कारण एकदा सांगून अपराधीपणा जात नसतो.

नोव्हेंबरच्या शेवटी सुरू केलं. पहिले तीन-चार दिवस कमी प्रमाण, मग वाढवत २०० मिलीचे आठ-नऊ ग्लास. फार खंगलेल्या मुलाला एकदम पूर्ण दिलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून धोका होतो, म्हणून रक्ततपासण्या होत्या. वास नको म्हणून थंड करून, झाकणाच्या ग्लासात स्ट्रॉनं. पिणं जमलंच नाही तर नाकातून बारीक नळी टाकतात, ती शिक्षा नाही हे पोराला आधीच सांगून ठेवलं होतं, ‘प्याला नाहीस तर नळी’ असा धाक घालू नका प्लीज.

आजींना रिकामं बसवणं परवडणारं नव्हतं म्हणून पावडर कालवायचं काम त्यांना दिलं. चौथ्या दिवशी जुलाब वाढले, घाबरून फोन. विचारत विचारत गेले तर कळलं की आजी प्रत्येक ग्लासात एक चमचा जास्त टाकत होत्या, ताकद येईल म्हणून! फार घट्ट झालं की पोटाला सोसत नाही. मग चमच्याचं डोकं सुरीनं सपाट करायचं ठरलं, आणि त्या नंतर इतक्या कडक झाल्या की सुनेला डब्याला हात लावू देईनात.

शाळेत पोरं ‘बाळाचं दूध’ म्हणून चिडवायला लागली. मी बाईंशी बोलायचं म्हणत होते तोवर यानंच सांगून टाकलं की क्रिकेटवाले पितात तसलं प्रोटीन आहे. मला हे सुचलं नसतं.

घरचं जेवणाचं ताट हा मात्र खरा कठीण भाग. घरच्यांनी त्याच्यापासून लपून जेवायला सुरुवात केली, दार लावून, आणि पोरगा माझ्याकडे येऊन म्हणतो, ‘मी मेल्यासारखं वागतात.’ तेव्हा ठरलं की सगळे एकत्र बसणार, त्याच्या हातात ग्लास, फोडणीचा घमघमाट असू दे. पहिला आठवडा रडारड झाली, मग सवय झाली. साधारण दोन आठवड्यांत पोटदुखी थांबली, रक्ततपासणीत दिसणारी सूज उतरली. तोवर काहीच फरक नसता तर डॉक्टरांनी दुसरा मार्ग बघितला असता.

सातव्या आठवड्यात संक्रांत, म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा. गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, पोरगा फ्लास्क घेऊन गेला, पाळण्यात बसला, भजीकडे बघत बसला पण खाल्ली नाही. आणि घरी आल्यावर आजींनीच त्याला तिळगूळ भरवला. रात्री अकराला त्यांचाच फोन, ‘माझ्या हातनं पाप झालं बघा.’ म्हटलं आजी, एका तिळगुळानं सात आठवडे वाया जात नाहीत, सकाळी डॉक्टरांना सांगा आणि पुढचा ग्लास वेळेवर द्या. लपवलं असतं तर मात्र पुढं औषध लागू पडतंय की नाही याचा हिशोबच चुकला असता.

आठ आठवड्यांत तीन किलो वाढला. आजार परत उठू नये म्हणून गोळ्या मधेच सुरू झाल्या होत्या, त्या चालूच आहेत, कारण पावडरीनं सूज उतरते, आजार कायमचा जात नाही. मग दोन-तीन आठवड्यांत पावडर कमी करत जेवण वाढवायचं. काही डॉक्टर याऐवजी अर्धा फॉर्म्युला आणि ठरावीकच पदार्थ असा आहार देतात, त्यावरचा मुलांचा १२ आठवड्यांचा अभ्यास २०१९ मध्ये आला, पण त्याची यादी काटेकोर असते, व्हिडिओ बघून घरी करायची गोष्ट नव्हे.

आणि जेवायची वेळ आली तेव्हा हा जेवेचना! पुन्हा दुखलं तर म्हणून. मऊ भाताचे चार घास घ्यायला तीन दिवस लागले, आम्ही कोणी आग्रह केला नाही, आजी तर पाठ करून बसायच्या, म्हणजे बघायला नको.

परवा वडिलांचा फोन आला. सुरुवातीला कमी प्यायला ना, त्यामुळे दोन डबे उरलेत, सीलबंद आहेत, तारीख पण आहे, तुमच्याकडं कुणी आलं तर सांगा, मी आणून देतो.