पॅनलच्या वॅटवर जाऊ नकोस, आधी बॅटरी समजून घे

अरे, १०० वॅटचं सोलर पॅनल लावलंस म्हणून बॅटरीत १०० वॅट जातात असं नसतं, हे आधी डोक्यात पक्कं कर. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर असतो, त्यातला साधा पीडब्ल्यूएम प्रकार पॅनलला खेचून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो, म्हणजे पॅनल १८ व्होल्टला साडेपाच अँपिअर देणारं असलं तरी बॅटरी १३ वर असेल तर हातात येतात ७० च्या आसपास वॅट, आणि तेही भर उन्हात. एमपीपीटी या दुसऱ्या प्रकारच्या कंट्रोलरने हा तोटा बराच वाचतो, पण एवढ्या छोट्या सेटअपला मी तरी आधी चांगल्या बॅटरीवर पैसे घालेन.

जोडताना आधी बॅटरी मग पॅनल, काढताना उलटं, कारण बरेच कंट्रोलर १२ का २४ व्होल्ट हे बॅटरीवरूनच ओळखतात. बॅटरीच्या प्लसला अगदी लागून फ्यूज टाक, हे टाळू नकोस बाबा.

माझी पहिली लेड ॲसिड बॅटरी मी रोज पार रिकामी करून करून वर्षभरात घालवली, अजून वाईट वाटतं. चार्जिंग आणि लोड (बॅटरीवर चालणारी उपकरणं) दोन्ही बंद ठेवून दोन-तीन तासांनी मल्टिमीटर लाव, १२ व्होल्टच्या अशा बॅटरीला १२.७ व्होल्ट दिसले तर फुल, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, त्याखाली उतरू देऊ नकोस.